विश्लेषण : संगणक न्यूयॉर्कमध्ये, कळफलक कॉलेजात! ८० वर्षांपूर्वीच ‘रिमोट अ‍ॅक्सेस’ करून दाखवणारे जॉर्ज स्टिबिट्झ कोण होते?

शिक्षणासाठी बाहेरगावी गेलेल्या विद्यार्थ्याला घरचा डेस्कटॉप सोबत नेता येत नाही. प्रोजेक्टच्या फाइल, परवाना घेतलेले सॉफ्टवेअर, तगडे ग्राफिक्स कार्ड सगळे घरीच राहते. मग हॉस्टेलच्या खोलीतून लॅपटॉपवर, कधी कधी तर मोबाइलवरूनच, घरचा संगणक उघडला जातो. बटण दाबायचे इथे, काम व्हायचे तिथे आणि उत्तर पुन्हा इथे. हा प्रकार इंटरनेटसोबत आला असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो इंटरनेटपेक्षा जवळपास ३० वर्षांनी जुना आहे. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतल्या एका कॉलेजात बसून न्यूयॉर्कमधल्या यंत्राकडून गणिते सोडवून घेण्यात आली. ते यंत्र आणि ते प्रात्यक्षिक या दोन्हींमागे एकच माणूस होता, जॉर्ज रॉबर्ट स्टिबिट्झ. आणि त्या यंत्राची सुरुवात खरोखरच घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाली होती.

प्राध्यापकाचा मुलगा, प्रयोगांची शाळा

स्टिबिट्झ यांचा जन्म ३० एप्रिल १९०४ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क या गावी झाला. वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक, तर आई लग्नाआधी गणित शिकवायची. बालपण ओहायोतल्या डेटन शहरात गेले. राइट बंधूंचे हेच गाव. तिथल्या मोरेन पार्क या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. मोटारीच्या इलेक्ट्रिक स्टार्टरसाठी ओळखले जाणारे चार्ल्स केटरिंग या शाळेच्या संस्थापकांपैकी एक. पाठांतरापेक्षा हाताने काहीतरी करून बघण्यावर तिथे भर होता.

पुढचे शिक्षण झपाट्याने झाले. १९२६ मध्ये डेनिसन विद्यापीठाची पदवी, १९२७ मध्ये युनियन कॉलेजातून पदव्युत्तर पदवी, मग वर्षभर जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी आणि १९३० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून गणिती भौतिकशास्त्रात पीएच.डी. त्याच वर्षी डोरोथिया लॅमसन यांच्याशी विवाह झाला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये नोकरी लागली. हुद्दा गणितज्ञाचा होता. यंत्रे बांधणे हे त्यांचे काम नव्हते, हे पुढची गोष्ट समजून घेताना लक्षात ठेवायला हवे.

स्वयंपाकघरात नेमके काय घडले?

१९३७ मध्ये स्टिबिट्झ यांच्याकडे टेलिफोनच्या रिलेचा अभ्यास आला. रिले म्हणजे विजेवर चालणारा खटका. तारेच्या गुंडाळीतून वीज गेली की तिचा लोहचुंबक होतो आणि तो धातूची पट्टी ओढून दुसरा विद्युतमार्ग जोडतो किंवा तोडतो. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सतत जी टकटक ऐकू यायची, ती या रिलेंचीच.

रिलेला मधली अवस्था नसते. तो चालू असतो नाहीतर बंद. गणिताच्या माणसाला यात ० आणि १ दिसणे स्वाभाविक होते. द्विमान पद्धत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून अंक लिहिण्याची पद्धत, शतकांपासून माहीत होती. पण ती तोवर कागदावर होती आणि रिले टेलिफोनच्या कपाटात.

नोव्हेंबर १९३७ मध्ये स्टिबिट्झ यांनी भंगारात निघालेले दोन रिले घरी आणले. तंबाखूच्या डब्याचा पत्रा कापून त्याच्या पट्ट्या केल्या, टॉर्चचे दोन बल्ब आणि बॅटरी जोडली आणि सगळे एका फळीवर ठोकले. पट्टी दाबली तर १, नाही दाबली तर ०. दोन्ही पट्ट्या दाबल्या की एक बल्ब पेटायचा आणि दुसरा विझलेला राहायचा. द्विमान पद्धतीत १ अधिक १ म्हणजे १०, तेच हे उत्तर. दोन बल्बांनी बेरीज केली होती. किचन टेबलावर बनली म्हणून डोरोथिया यांनी त्या फळीला नाव दिले ‘मॉडेल के’.

कार्यालयात नेल्यावर सहकाऱ्यांनी तिच्याकडे गंमत म्हणूनच पाहिले. यात त्यांचे फार चुकले असे म्हणता येणार नाही. टेबलावरची साधी हिशेबाची यंत्रे तेव्हा बाजारात मिळत होती आणि ती याहून कितीतरी मोठ्या बेरजा करत होती.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. स्टिबिट्झ एकटे नव्हते. एमआयटीत क्लॉड शॅनन यांनी त्याच वर्षी आपल्या प्रबंधात रिलेच्या जोडण्या आणि तर्कशास्त्र यांचा मेळ गणिताने मांडला होता. बर्लिनमध्ये कोनराड झुसे आई-वडिलांच्या दिवाणखान्यात द्विमान यंत्र बांधत होते. हे सगळे एकमेकांपासून स्वतंत्रपणे चालले होते. त्यामुळे ‘पहिला संगणक कुणाचा’ हा वाद आजही सुटत नाही आणि त्यात स्टिबिट्झ यांचे नाव बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर येते. दुरून संगणक वापरण्याच्या बाबतीत मात्र ही रांग इतकी लांब नाही.

कंपनीला हे यंत्र का हवे झाले?

टेलिफोनचा आवाज लांब पल्ल्यावर स्पष्ट जावा म्हणून बेल लॅब्जला फिल्टर आणि वाहिन्यांच्या मंडलांची आखणी करावी लागे. या आखणीत संमिश्र संख्या, म्हणजे ‘कॉम्प्लेक्स नंबर’, पदोपदी लागतात. अशा एका संख्येचे दोन भाग असतात. त्यामुळे दोन संख्यांचा एक गुणाकार म्हणजे प्रत्यक्षात चार गुणाकार, एक बेरीज आणि एक वजाबाकी. आठ-आठ आकड्यांचे हे गणित हाताने करायचे आणि मधली उत्तरे कागदावर उतरवून ठेवायची. हे काम हिशेबाच्या यंत्रांवर बसलेल्या महिलांची एक तुकडी दिवसभर करत असे. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द तेव्हा यंत्रासाठी नव्हे, अशा माणसांसाठी वापरला जाई.

गणित विभागाचे प्रमुख थॉर्नटन फ्राय यांना मॉडेल केमध्ये या कामावरचा उपाय दिसला. १९३८ मध्ये कंपनीने मंजुरी दिली. आराखडा स्टिबिट्झ यांचा आणि तो टेलिफोनच्या सामग्रीतून प्रत्यक्षात आणणारे अभियंता सॅम्युएल विल्यम्स. एप्रिल १९३९ मध्ये बांधणी सुरू झाली. ४०० हून अधिक रिले, एक्स्चेंजमध्ये वापरतात तसे क्रॉसबार स्विच आणि सुमारे २०,००० डॉलर खर्च. ८ जानेवारी १९४० पासून ‘कॉम्प्लेक्स नंबर कॅल्क्युलेटर’ रोजच्या कामाला लागला.

आजच्या अर्थाने तो संगणक नव्हता. त्याला प्रोग्राम देता येत नव्हता. ठरावीक प्रकारची गणिते तो करायचा आणि एका गुणाकाराला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ घ्यायचा. मोबाइलच्या तुलनेत हे हास्यास्पद वाटेल, पण तेच काम हाताने करणाऱ्यांसाठी तो वेळ फारच कमी होता.

तुम्ही शिकलेला ‘एक्सेस-३’ इथला

अभियांत्रिकीच्या डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात ‘एक्सेस-३ कोड’ असतो. पुण्या-मुंबईपासून जळगाव-नांदेडपर्यंत हजारो विद्यार्थी त्याचा तक्ता पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. हा कोड स्टिबिट्झ यांनी याच यंत्रासाठी वापरला. त्याला ‘स्टिबिट्झ कोड’ही म्हणतात, पण पाठ्यपुस्तकातल्या तक्त्याशेजारी हे नाव क्वचितच असते.

अडचण अशी होती की, यंत्राला ० आणि १ कळतात, तर माणसाला उत्तर दशमान पद्धतीत हवे असते. म्हणून प्रत्येक दशमान अंक चार रिलेंवर लिहायचा. पण चार रिलेंवर १५ पर्यंतचे आकडे मावतात आणि आपल्याला हातचा हवा असतो १० ला. मग काय करायचे? प्रत्येक अंकात आधीच ३ मिळवून ठेवायचे. ५ चे झाले ८ आणि ७ चे झाले १०. बेरीज १८. म्हणजे १५ ची मर्यादा ओलांडली आणि हातचा १ आपोआप बाहेर पडला. १८ मधून १६ गेले, उरले २. त्यात पुन्हा ३ मिळवले की ५, म्हणजे या कोडमधला २. उत्तर १२.

याचा आणखी एक फायदा होता. या कोडमधले सगळे ० आणि १ उलटे केले की त्या अंकाचा ९ पर्यंतचा पूरक अंक मिळतो. २ उलटा केला की ७. त्यामुळे वजाबाकीसाठी वेगळी यंत्रणा बांधावी लागत नाही. रिले महाग होते, त्यामुळे ही काटकसर महत्त्वाची होती.

यंत्र एकीकडे, माणूस दुसरीकडे, हे आधीच ठरले होते का?

हो, आणि तेही कॉलेजातल्या प्रात्यक्षिकाच्या आधी. बेल लॅब्जच्या इमारतीत रिलेंची कपाटे एका बाजूच्या खोलीत होती आणि ती प्रत्यक्ष पाहणारे लोक फार थोडे होते. वापरणाऱ्यांच्या टेबलांपाशी टेलिटाइप ठेवलेले होते. टेलिटाइप म्हणजे तारायंत्राला जोडलेला टाइपरायटर. एकीकडे टाइप केले की दुसरीकडे छापून येते. अशी तीन ठिकाणे होती. एका वेळी एकालाच यंत्र मिळायचे. एकाचे गणित चालू असेल तर बाकीच्यांनी थांबायचे, अगदी फोन ‘एंगेज’ लागतो तसे.

टेलिफोन कंपनीतल्या लोकांना हे अगदी साहजिक वाटले असणार. एक्स्चेंज एकीकडे आणि फोन घरोघरी, हाच त्यांचा धंदा होता. नेमके याच कारणामुळे ही कल्पना विद्यापीठात किंवा लष्करात नव्हे, तर टेलिफोनवाल्यांकडे आधी प्रत्यक्षात आली. संगणक म्हणजे आपण ज्याच्यासमोर बसतो ते यंत्र, अशी सवय त्यांना लागलेलीच नव्हती.

११ सप्टेंबर १९४०

त्या सप्टेंबरमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे अधिवेशन न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हर या छोट्या गावी, डार्टमथ कॉलेजात भरले होते. स्टिबिट्झ तिथे आपल्या यंत्रावर निबंध वाचणार होते. शेकडो रिलेंची कपाटे, त्यांच्या हजारो जोडण्या आणि वीजपुरवठा उचलून डोंगराळ भागातल्या कॉलेजात नेणे व्यवहार्य नव्हते. म्हणून यंत्र न्यूयॉर्कमध्येच ठेवले आणि मॅकनट हॉलमध्ये फक्त एक टेलिटाइप आणून तारेने न्यूयॉर्कशी जोडला. सरळ रेषेत हे अंतर साडेतीनशे किलोमीटरहून थोडे अधिक आहे.

निबंध झाल्यावर गणित टाइप करण्यात आले. अंकांच्या खुणा तारेवरून न्यूयॉर्कला गेल्या, तिथे रिले खडखडले आणि एका मिनिटाच्या आत उत्तर हॅनोव्हरमधल्या कागदावर छापले गेले.

पुढे जे झाले ते जास्त महत्त्वाचे. यंत्र उपस्थितांसाठी खुले करण्यात आले. दुपारी दोनपर्यंत गणितज्ञ एकेक करून टेलिटाइपपाशी येत होते आणि आपापली गणिते टाकून बघत होते. यंत्र बांधणाऱ्याने ते चालवून दाखवणे हे प्रात्यक्षिक झाले. पण ज्यांनी ते यंत्र कधी पाहिलेले नाही आणि ज्यांना रिलेतले काही कळत नाही, अशांनी ते दुसऱ्या राज्यातून स्वतःच्या हाताने वापरणे हा प्रकार नवा होता.

त्या गर्दीत दोन नावे अशी होती जी पुढे संगणकाच्या इतिहासात मोठी झाली. एक नॉर्बर्ट वीनर, ज्यांनी नंतर ‘सायबरनेटिक्स’ ही शाखा उभी केली. दुसरे जॉन मॉक्ली. मॉक्ली तेव्हा एका छोट्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. सहा वर्षांनी, १९४६ मध्ये, त्यांनी आणि प्रेस्पर एकर्ट यांनी बनवलेला एनियाक जगासमोर आला. त्यात रिलेऐवजी सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि वेग कित्येक पटींनी जास्त होता. हॅनोव्हरमधून मॉक्ली नेमके काय घेऊन गेले हे मोजून सांगता येणार नाही. विजेने गणित करणारे यंत्र कामाचे असते, हे मात्र त्यांनी तिथे स्वतः अनुभवले.

मग ही कल्पना २० वर्षे का रखडली?

पहिले कारण पैशाचे. एकाच प्रकारची गणिते करणाऱ्या यंत्रावर २०,००० डॉलर खर्च झाले, हे बेल लॅब्जच्या व्यवस्थापनाला जड वाटले. त्यापेक्षा मोठे यंत्र बांधण्याचा उत्साह त्यांना नव्हता. ज्या कंपनीच्या हाती तारांचे जाळे आणि गणित करणारे यंत्र दोन्ही होते, तिनेच या दोन गोष्टी एकत्र विकण्याचा विचार केला नाही. आजच्या क्लाउड कंपन्यांचा धंदा पाहिला तर ही चूक केवढी होती ते दिसते. अर्थात, तेव्हा गिऱ्हाईक कोण होते, हा प्रश्नही रास्त आहे.

दुसरे कारण युद्धाचे. स्टिबिट्झ नॅशनल डिफेन्स रिसर्च कमिटीच्या कामावर गेले. विमानविरोधी तोफांनी नेमका कुठे मारा करावा, याची आकडेमोड करणारी आणि अशी उपकरणे तपासणारी रिले यंत्रे त्यांच्या आराखड्यांवर बनली. आता खर्चाची तक्रार नव्हती. १९४६ मध्ये तयार झालेल्या ‘मॉडेल ५’ मध्ये जवळपास ९,००० रिले होते. याच काळात, १९४२ मध्ये, विजेच्या स्पंदांवर चालणाऱ्या उपकरणांसाठी त्यांनी ‘डिजिटल’ हा शब्द सुचवला. या अर्थाने तो रूढ करण्याचे श्रेय सहसा त्यांनाच दिले जाते. दिवसातून दहा वेळा वापरल्या जाणाऱ्या या शब्दामागे एका सरकारी समितीचा कागद आहे.

तिसरे कारण तांत्रिक, आणि ते सर्वात मोठे. एका वेळी एकच माणूस यंत्र वापरू शकत असेल, तर दूरवरच्या दहा जणांना तारा जोडून देऊन काही उपयोग नाही. युद्धानंतरचे संगणक इतके महाग होते की एका माणसाच्या विचार करण्याच्या वेळात ते रिकामे ठेवणे परवडत नसे. त्यामुळे लोक पंच केलेली कार्डे खिडकीत देत आणि उत्तरासाठी तासन्‌तास थांबत. संगणकाचा वेळ बारीक तुकडे करून अनेकांना वाटून देणारे ‘टाइम-शेअरिंग’ आले तेव्हा ही कोंडी फुटली. एमआयटीमध्ये त्याचे प्रात्यक्षिक झाले १९६१ मध्ये.

पुन्हा त्याच कॉलेजात

युद्धानंतर स्टिबिट्झ बेल लॅब्जमध्ये परतले नाहीत. व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन या शहरात राहून ते स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करू लागले. मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठे संगणकाच्या शर्यतीत उतरली, त्या वर्षांत ते या शर्यतीच्या बाहेरच होते. पहिले यंत्र १९४९ मध्ये बंद करण्यात आले. ‘मॉडेल के’ ची फळी आज संग्रहालयांत दिसते ती प्रतिकृतीच्या रूपात.

१९६४ मध्ये ते डार्टमथला आले, पण संगणक विभागात नाही, वैद्यकीय महाविद्यालयात. शरीरातल्या क्रियांची गणिती प्रारूपे संगणकावर तयार करण्याचे काम त्यांनी तिथे केले आणि निवृत्तीनंतरही सुरू ठेवले.

योगायोग असा की, त्याच वर्षी १ मे रोजी पहाटे त्याच कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांची टाइम-शेअरिंग यंत्रणा आणि ‘बेसिक’ ही भाषा सुरू झाली. हेतू असा की विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही संगणक वापरता यावा. कॅम्पसभर टेलिटाइप बसवले गेले आणि पुढे फोनच्या तारांवरून बाहेरच्या शाळा-कॉलेजांनाही जोडणी मिळाली. १९४० मध्ये मॅकनट हॉलमध्ये एक टेलिटाइप होता आणि त्यामागे गणितज्ञांची रांग. २४ वर्षांनी तेच काम पहिल्या वर्षाची मुले करत होती, आणि थांबावेही लागत नव्हते.

मान मिळाला, पण उशिरा. १९६५ मध्ये हॅरी गुड पुरस्कार त्यांना कोनराड झुसे यांच्यासोबत देण्यात आला. दिवाणखान्यातला संगणक आणि स्वयंपाकघरातला संगणक एका मंचावर आले म्हणायचे. १९८३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. त्यांच्या नावावर ३८ पेटंट आहेत. उतारवयात ते घरच्या संगणकावर चित्रे काढत.

एक गोष्ट १९४० मध्ये नव्हती

हॉस्टेलमधून घरचा संगणक उघडताना आज होते तेही तत्त्वतः तेच. कळ दाबल्याची खूण पुढे जाते, काम दूरच्या यंत्रात होते, निकाल परत येतो. छापील आकड्यांऐवजी आता संपूर्ण पडदा येतो, इतकाच फरक. पण मॅकनट हॉलमधल्या टेलिटाइपला पासवर्ड नव्हता. त्याची गरजही नव्हती. तार एकच होती आणि ती कुठे जाते हे सगळ्यांना माहीत होते.

इंटरनेटवर तसे नसते. मधल्या अनेक यंत्रांतून माहिती जाते आणि ती वाटेत कुणीही वाचू शकते. बरीच वर्षे दूरच्या संगणकात शिरण्याचा पासवर्डसुद्धा उघडाच पाठवला जात असे. त्यावरचा उपाय एका विद्यापीठातूनच आला. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाल्यानंतर तिथले संशोधक तातू यलॉनेन यांनी सगळे संभाषण सांकेतिक रूपात नेणारी ‘एसएसएच’ ही प्रणाली लिहिली आणि जुलै १९९५ मध्ये सर्वांना मोफत दिली. स्टिबिट्झ यांचे निधन त्याच वर्षी ३१ जानेवारीला, वयाच्या ९० व्या वर्षी, हॅनोव्हरमध्ये राहत्या घरी झाले होते. त्यांची कागदपत्रे डार्टमथच्या ग्रंथालयात आहेत.